जुनी पिकअप लोअर करायची तर: पाटे, चॅसी, कायदा आणि गॅरेजचे बिल

जुनी पिकअप किंवा जीप कंपनीने ठेवलेल्या उंचीपेक्षा काही इंच खाली आणणे, याला गॅरेजच्या भाषेत ‘गाडी लोअर करणे’ म्हणतात. यात दोन वेगवेगळी कामे येतात. पहिल्यात फक्त पाटे, शॉकअप आणि अ‍ॅक्सलची जोडणी बदलते. दुसऱ्यात गाडीचा कणा, म्हणजे चॅसी, कापून नव्याने वेल्ड केली जाते. पहिले काम नको वाटले तर उलटवता येते, दुसरे येत नाही. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक असतो आणि कायद्याच्या दृष्टीने तर त्याहून मोठा. भारतात गाडीची ओळख चॅसीवर कोरलेल्या नंबराने ठरते, त्यामुळे चॅसीला हात लावला की प्रश्न फक्त गॅरेजपुरता राहत नाही.

पुण्यात हा शौक असलेल्या माणसाची गाडी कधी ना कधी सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे जातेच. धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी, पुढे धरणाची चौपाटी, डोणजे, गोळेवाडी आणि शेवटी सिंहगडाचा घाट. गतिरोधक, रविवारची गर्दी आणि तीव्र चढ-उतार या एकाच वाटेवर मिळतात. खाली आणलेली गाडी रोजच्या वापरात टिकेल का, हे तपासायला हा रस्ता पुरेसा आहे.

ही आवड आली कुठून?

गाडी खाली आणण्याची परंपरा अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस परिसरातल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी जुन्या शेवरोले गाड्या खाली आणून सावकाश मिरवायला सुरुवात केली. सुरुवातीला मागच्या डिकीत वाळूची पोती ठेवत, पुढे स्प्रिंग कापू लागले. कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस यावर कायदा केला. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये, असा तो नियम होता. त्यामागे साधे कारण होते. टायर पूर्ण बसला तर गाडी रिमवर उतरते. अशा वेळी चॅसी किंवा स्टिअरिंगचा भाग रस्त्याला घासला तर गाडी ताब्यात राहत नाही. भारतातल्या कायद्यात हा नियम या शब्दांत नाही, पण सुरक्षिततेची किमान रेषा म्हणून तो आजही उपयोगी आहे.

महाराष्ट्रातल्या जुन्या पिकअप

महाराष्ट्रात जुन्या पिकअप सापडतात त्या बहुतेक तीन पिढ्यांच्या. पहिली पिढी मुंबईत जोडणी झालेल्या अमेरिकन गाड्यांची. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणी कारखाना सुरू केला आणि १९५४ मध्ये तो बंद केला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनेही डॉज आणि फार्गो या नावांच्या मालगाड्या बाजारात आणल्या. दुसरी पिढी जीपची. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे त्याच सांगाड्यावर हौदा असलेल्या गाड्या आल्या. तिसरी पिढी पुण्याची. टाटांची टाटामोबाइल २०६ ही पिकअप १९८८ मध्ये आली.

या गाड्यांमधले साम्य म्हणजे शिडीसारखी चॅसी. दोन लांब पोलादी चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. इंजिन, केबिन, हौदा आणि अ‍ॅक्सल हे सगळे या शिडीला जोडलेले असते. आजच्या बहुतेक मोटारगाड्यांत वेगळी चॅसी नसते, पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. म्हणूनच चॅसी कापून गाडी खाली आणण्याचे काम मुख्यतः जुन्या पिकअप, जीप आणि ट्रकांवर होते.

चॅसीला हात न लावता

गाडी खाली आणण्याचे सोपे मार्ग पाट्यांशी संबंधित आहेत.

पाटे सपाट करणे: पाट्याची कमान कमी केली की गाडी तेवढी खाली येते. हे काम पाटे थंड असताना, ठोकून किंवा प्रेसखाली करायचे असते. गॅसच्या ज्वाळेने पाटा लाल करून वाकवला तर पोलादाचे पाणी उतरते. असा पाटा काही दिवसांत पुन्हा बसतो किंवा खड्ड्यात तुटतो.

एखादा पाटा काढणे: यात खर्च जवळजवळ नाही, पण भार पेलण्याची क्षमता घटते. हौद्यात माल किंवा माणसे बसणार असतील तर हा मार्ग धोक्याचा आहे.

अ‍ॅक्सलची जागा बदलणे: अनेक अमेरिकन पिकअपमध्ये पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसतात. ते अ‍ॅक्सलखाली आणले की गाडी एकदम बरीच खाली येते. विलीज धर्तीच्या जीपमध्ये पाटे आधीच अ‍ॅक्सलखाली असतात, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या मध्ये ठोकळा आणि लांब यू बोल्ट घालतात.

यापैकी काहीही केले तरी पाठोपाठ दुसरी कामे येतात. शॉकअप आखूड लागतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि तो दुरुस्त केला नाही तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलल्याने खड्ड्यात चाक आपोआप वळू पाहते. ब्रेकचे रबरी पाइप कुठे घासतात हे पाहावे लागते.

एक गोष्ट बऱ्याचदा लक्षात येत नाही. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह अ‍ॅक्सल आणि चॅसी यांच्यातले अंतर ‘वाचतो’. अंतर कमी म्हणजे गाडी भरलेली, असा त्याचा हिशेब. गाडी खाली आणली की रिकामी गाडीही त्याला भरलेली वाटते. तो मागच्या चाकांना जास्त दाब देतो आणि ओल्या रस्त्यावर ती चाके जाम होऊन गाडी फिरू शकते. अशा गाडीत व्हॉल्व्हची जोडणी नव्याने लावणे गरजेचे असते.

चॅसी कापण्याची वेळ का येते?

मागच्या बाजूला चॅसीचे चॅनेल अ‍ॅक्सलच्या वरून जातात. गाडी चार-पाच इंच खाली आणली की अ‍ॅक्सल आणि चॅनेल यांच्यामध्ये हलायला जागा उरत नाही. प्रत्येक खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटते. मग अ‍ॅक्सलच्या वर चॅनेलमध्ये अर्धगोल खाच पाडतात आणि तिथे जाड पत्र्याचा सी आकाराचा आधार वेल्ड किंवा बोल्ट करतात. याला सी-नॉच म्हणतात. त्याहून खाली जायचे असेल तर चॅनेल पूर्ण तोडून मागचा भाग वरच्या पातळीवर जोडतात. बाजूने पाहिले की चॅसी इंग्रजी झेड अक्षरासारखी दिसते. ‘कस्टम फ्रेम’ या नावाखाली मोठे बिल येते ते मुख्यतः या कामांचे.

यातला धोका समजून घ्यायला साधे गणित पुरते. तुळई वाकण्याला विरोध करते ती मुख्यतः तिच्या उभ्या खोलीमुळे. भरीव आयताकृती तुळईची खोली निम्मी केली तर तिची वाकण्याविरुद्धची ताकद एक चतुर्थांशावर येते. सी आकाराच्या चॅनेलमध्ये हे प्रमाण थोडे वेगळे असते, पण परिणाम तोच. चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर सर्वात जास्त ताण येतो आणि खाच नेमकी खालच्या पट्टीत पडते. म्हणून आधाराचा तुकडा खाचेच्या दोन्ही बाजूंना बराच पुढे जायला हवा. त्याची टोके तिरकी कापलेली हवीत. चॅनेलला आडवी, सरळ उभ्या रेषेतली वेल्ड टाळायला हवी, कारण वेल्डच्या कडेचे पोलाद उष्णतेने बदलते आणि चीर तिथूनच सुरू होते.

गंजाचा प्रश्न वेगळाच. पन्नास-साठ वर्षांच्या चॅनेलमध्ये आतून पत्रा किती उरला आहे हे रंग आणि ग्रीस काढल्याशिवाय कळत नाही. कुजलेल्या पत्र्यावर उत्तम वेल्डिंगही टिकत नाही. चॅसी उघडी करून पाहण्याआधी दिलेले अंदाजपत्रक पुढे बदलते, याचे हेच मुख्य कारण.

खडकवासल्याच्या रस्त्यावरचा हिशेब

गाडी खाली आणली की सगळेच खाली येत नाही. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत डिफ्रन्शियलची जमिनीपासूनची उंची टायरच्या आकारावर ठरते. पाटे बदलले तरी ती तशीच राहते. खाली येतात ते चॅसी, इंजिनचा तेलाचा डबा, सायलेन्सर आणि पायऱ्या. गतिरोधकावर घासतात ते हेच भाग.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे साधा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.९ मीटर अंतर असलेली पिकअप त्यावर मधोमध आली तर चारही चाके उतारावरच असतात, जमिनीपासून सुमारे ४ सेंटिमीटर वर. म्हणजे गाडीच्या पोटाला प्रत्यक्षात साधारण ६ सेंटिमीटर जागा लागते. पाटे दबतात त्याची ३-४ सेंटिमीटर धरली तरी १० सेंटिमीटरमध्ये काम होते.

अडचण मानकाबाहेरच्या गतिरोधकांची आहे. एक मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असा डांबराचा ढीग असेल तर चारही चाके सपाट रस्त्यावर असतात आणि पोटाखाली पूर्ण १५ सेंटिमीटर लागतात, शिवाय पाटे दबण्याची जागा वेगळी. रोजच्या वापराच्या गाडीत चॅसीखालच्या सर्वात खालच्या भागाला, माणसे बसलेली असताना, १८ ते २० सेंटिमीटर ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. हे माप गाडी उचलण्याआधी घेऊन ठेवले तर किती इंच खाली जाता येईल याचे उत्तर टेपनेच मिळते.

सिंहगडाच्या घाटात याला आणखी एक बाजू आहे. गाडीचा भार खाली आल्याने वळणावर ती कमी कलते, हा फायदा खरा. पण उतरताना पुढच्या पाट्यांवर भार येतो आणि त्यांना दबायला जागा नसेल तर वळणातल्या एका खड्ड्यात गाडी आपटून रेषेबाहेर जाऊ शकते. जुन्या ड्रम ब्रेकची गाडी घाटात खालच्या गिअरमध्येच उतरवायची असते. गाडी खाली आणल्याने ब्रेक सुधारत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ या विषयावरचे मुख्य कलम आहे. उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये, असे ते सांगते. ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेत केलेला, तिचे मूळ स्वरूप पालटणारा फेरफार, अशी व्याख्या त्याच कलमात आहे.

९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निकाल रद्द करताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. रंग किंवा किरकोळ जोडणीसारखे बदल मात्र यात येत नाहीत. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्या रूपात आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

सीएनजी किट किंवा अपंग व्यक्तीसाठी केलेले बदल यांना कायद्यात वेगळी वाट आहे. पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर असलेल्या एआरएआय या संस्थेत अशा किटच्या चाचण्या होतात. मात्र ही मान्यता किट बनवणाऱ्याला मिळते. एका गॅरेजने एका गाडीवर केलेल्या वेल्डिंगला ती लागू होत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. चॅसी कापणे, चाकांमधले अंतर बदलणे, दुसऱ्या गाडीचा पुढचा सांगाडा जोडणे ही रचनेतली कामे आहेत आणि ती सरळ कलम ५२ च्या कक्षेत येतात. पाट्यांची उंची बदलण्याचा उल्लेख कलमात नावाने नाही, पण तपासणी करणारा निरीक्षक त्यालाही बदल ठरवू शकतो. खडकवासल्याचा भाग एमएच-१२ म्हणजे पुणे आरटीओच्या हद्दीत येतो. काम सुरू करण्याआधी तिथे लेखी विचारणा करणे आणि पोच जपून ठेवणे हा सर्वात स्वस्त विमा आहे. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या जुन्या गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते, त्यामुळे तिच्यातला बदल फार काळ लपत नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर समोर आला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

व्हिंटेज नोंदणी आणि कापलेली चॅसी

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ते लागू होतात. अशा गाडीच्या नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

यातली सर्वात महत्त्वाची अट मूळ स्वरूपाची आहे. गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे १९५० च्या दशकातल्या पिकअपची चॅसी आज कापली, तर रस्त्यावरची नोंदणी धोक्यात येतेच, शिवाय व्हिंटेजचा दरवाजाही बंद होतो. १९८८ च्या टाटामोबाइलला हा दरवाजा २०३८ च्या आधी उघडणार नाही, पण तोपर्यंत तिची चॅसी मूळ राहिली तरच त्याचा उपयोग. पिकअपची नोंद मालवाहू म्हणून असेल तर ती या नियमांत बसते का, हेही आधी आरटीओत विचारून घ्यावे.

गॅरेजशी व्यवहार

असे काम सहसा ओळखीने आणि तोंडी ठरते. वाद होतात तेही त्यामुळेच. पुढची काळजी घेतली तर बरेचसे वाद टळतात.

पाहणीचे काम वेगळे ठरवावे. गाडी उचलून, चॅसी साफ करून, गंज पाहून मगच अंदाजपत्रक घ्यावे. पाहणीचे पैसे वेगळे दिले तरी ते पुढे वाचतात.

अंदाजपत्रकात मजुरी आणि सामान वेगवेगळे लिहून घ्यावे. किती इंच खाली आणायचे, ते माप कुठून कुठे घ्यायचे, कोणत्या जाडीचा पत्रा वापरायचा, जुने पाटे आणि कापलेले तुकडे परत मिळणार का, हे त्यात असावे. गाडीदुरुस्तीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. दर करासह की कराशिवाय हेही आधीच स्पष्ट असावे.

पैसे टप्प्याने द्यावेत: सामानासाठी आगाऊ, काम अर्धे झाल्यावर पुढचा हप्ता आणि गाडी चालवून पाहिल्यावर उरलेले. वेल्डिंगचे फोटो रंग लावण्याआधीच घ्यावेत. रंगाखाली चांगली आणि वाईट वेल्ड सारखीच दिसते. चॅसी नंबराचा फोटो पहिल्याच दिवशी काढावा आणि त्या जागेजवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग होऊ देऊ नये. नंबर खराब झाला तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करण्याची वेळ मालकावर येते.

बिलावरून वाद झाला आणि गॅरेजने गाडी अडवून ठेवली, तर ते नेहमीच बेकायदा नसते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे श्रम किंवा कौशल्य खर्च केले ती वस्तू मोबदला मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा हक्क कारागिराला आहे, वेगळा करार नसेल तर. काम निकृष्ट असेल तर ग्राहकाला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोग ऐकतो आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही.

पण इथेच सर्वात मोठी मेख आहे. करार कायद्याच्या कलम २३ नुसार कायद्याने मना केलेल्या उद्देशाचा करार रद्दबातल असतो. चॅसी कापण्याचे काम फसले आणि मालक दाद मागायला गेला, तर ते काम मुळात करायलाच परवानगी होती का, हा पहिला प्रश्न समोरून येतो. पाटे, शॉकअप किंवा ब्रेकच्या कामाबाबत पावती घेऊन लढता येते. कापलेल्या चॅसीच्या बाबतीत मात्र पावती हाच मालकाविरुद्धचा पुरावा ठरू शकतो.

ठरवण्याचा क्रम

आधी गाडीचे वय आणि नोंदणीचा प्रकार पाहावा. मग पोटाखालचे सध्याचे माप घ्यावे आणि रोजच्या रस्त्यावरचा सर्वात वाईट गतिरोधक मोजावा. त्यानंतर आरटीओत विचारणा, मग चॅसीची पाहणी आणि सर्वात शेवटी अंदाजपत्रक. हा क्रम पाळला की बहुतेक गाड्यांचे उत्तर दोन-तीन इंचांवर, म्हणजे पाट्यांच्या कामातच, येऊन थांबते. काढलेले मूळ पाटे, शॉकअप आणि यू बोल्ट तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावेत. पुढचा मालक किंवा व्हिंटेज नोंदणीची समिती गाडी मूळ रूपात मागेल, तेव्हा तिला परत तिच्या उंचीवर नेणे त्यामुळे एका दिवसाचे काम राहते.